तोरणाचा जमाखर्च

सूरजकुंडच्या मेळ्यात कच्छ-सौराष्ट्राच्या स्टॉलांवर बायकांचा घोळका हटत नाही तो तोरणांपुढून. लाल-केशरी कापडाची आडवी पट्टी, तिच्यावर टाचलेली आरशांची भिंगं आणि खाली लोंबणारे पाच, सात किंवा नऊ टोकदार तुकडे. दिल्ली, गुडगाव, नोएडाहून आलेली गिऱ्हाइकं दाराची रुंदी आठवून आठवून भावाची घासाघीस करतात आणि जमलं तर एखादं तोरण पिशवीत टाकून पुढच्या स्टॉलकडे वळतात. पट्टीखालचे ते टोकदार तुकडे म्हणजे आंब्याची पानं, हे विकणाऱ्याला सांगावं लागत नाही आणि घेणाऱ्याला विचारावं लागत नाही. खरी पानं एका आठवड्यात वाळून करकरीत होतात. ही कापडाची पानं मुलाच्या लग्नापासून नातवाच्या बारशापर्यंत दारावर राहतात. फुकट मिळणाऱ्या पानासाठी पैसे मोजायला माणूस कधी आणि का लागला, हा प्रश्न या स्टॉलपुढे उभं राहून विचारण्याजोगा आहे. कारण तोरणाचा इतिहास हा बराचसा त्या एकाच व्यवहाराचा इतिहास आहे.

फरीदाबादच्या उत्तर सीमेवर, अरवलीच्या शेवटच्या टेकड्यांत, दहाव्या शतकात तोमर राजवटीत बांधलेला पायऱ्यांचा जलाशय आहे. तो सूरजकुंड. त्याच्या शेजारच्या मैदानावर हरियाणाच्या पर्यटन खात्यानं 1987 साली हस्तकलेचा मेळा सुरू केला. तेव्हापासून हिवाळा सरता सरता तो भरतो. एक राज्य त्या वर्षीचं मानकरी असतं आणि त्याच्या वास्तुशैलीतल्या कमानी मैदानात उभ्या राहतात. 2019 च्या मेळ्यात हा मान महाराष्ट्राला मिळाला होता. म्हणजे दारं सजवण्याचे सगळे नमुने, दगडी कमानीच्या नकलेपासून सुती पट्टीपर्यंत, या मैदानावर एकाच फेरफटक्यात बघायला मिळतात.

यातला सगळ्यात जुना नमुना मात्र सांचीला आहे.

सांचीच्या मोठ्या स्तूपाभोवती चार दिशांना चार दगडी तोरणं आहेत. दोन उंच खांब आणि त्यांच्यावर एकावर एक आडव्या टाकलेल्या तीन तुळया, अशी त्यांची रचना. इसवीसनाच्या आगेमागे, सातवाहनांच्या काळात ती उभी राहिली. दक्षिणेकडच्या तोरणावर एक लेख कोरलेला आहे: राजा सिरी सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचं हे दान. ज्या सातवाहनांची राजधानी गोदाकाठी पैठणला होती, त्यांच्याच पदरच्या माणसाचं हे नाव. दुसऱ्या एका लेखात विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी इथलं कोरीवकाम केल्याची नोंद आहे. हे तोरण दगडाचं असलं तरी त्याची जोडणी सुताराची आहे. तुळयांची टोकं खांबांच्या बाहेर डोकावतात. लाकूड कुजतं म्हणून कुणीतरी तेच काम दगडात करून घेतलं. नाशवंत वस्तू टिकाऊ करायची आणि त्यासाठी पदरचे पैसे खर्चायचे, ही हौस इतकी जुनी आहे.

काव्यातही तोरण लवकरच आलं. मेघदूतातला यक्ष मेघाला आपल्या घराची खूण सांगतो ती इंद्रधनुष्यासारख्या तोरणाची. विदर्भातल्या रामटेकशी हे काव्य परंपरेनं जोडलेलं असल्यामुळे मराठी वाचकाला त्या तोरणाबद्दल थोडी घरगुती आपुलकी वाटते. पण यक्ष कुबेराच्या अलकानगरीतला. त्याला खर्चाची चिंता नव्हती.

ज्यांना ती होती त्यांनी झाडाकडे पाहिलं. आंब्याचं पान तोरणासाठी का निवडलं गेलं, याची धार्मिक कारणं पूजासांगत्या पुस्तकांत आहेत. व्यवहाराची कारणं हातात पान घेतलं की कळतात. ते जाड आहे, वर मेणचट चकाकी आहे, त्यामुळे तोडल्यावरही दोन-तीन दिवस हिरवं राहतं. वाळलं तरी चुरा होऊन खाली पडत नाही, आकार धरून ठेवतं. त्याला देठ लांब असतो, म्हणून बांधायला सोपं. आणि झाड बारमाही हिरवं असल्यानं पाडवा असो, दसरा असो की मार्गशीर्षातलं लग्न, पानं कधीही मिळतात.

बांधण्याची रीत घराघरांत थोडी निराळी असते. कोकणात बरेचदा देठाकडचा भाग दोरीवरून मागे दुमडतात आणि नारळाच्या झावळीचा हीर बोटभर मोडून त्यानं पान टाचतात. गाठ नाही, सुई नाही. हिराच्या जागी दुसऱ्या पानाचा देठही चालतो. त्याचं टोक तिरकं कापलं की तो काडीसारखा आरपार जातो. दोरी केळीच्या सोपटाची, नाहीतर सुतळी. पानं विषम संख्येत घ्यायची, पाच, सात, अकरा, एकवीस. मधलं पान दाराच्या मध्यावर आलं की दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. हातात कोयता आणि अंगणात झाड असलेल्या माणसाला या सगळ्यात खर्च काहीच येत नाही. सकाळच्या पूजेआधी घरातलं मोठं मूल आंब्यावर चढतं, खाली धाकटं पानं निवडतं: किडकं नको, फाटकं नको, आणि कोवळं तांबूस तर नकोच, ते दुपारपर्यंत मान टाकतं.

ऋतूप्रमाणे या पानांत भर पडत जाते, आणि युरोपातलं दारावरचं हिरवं चक्र पाहिलेल्याला सगळ्यात ओळखीचं वाटेल असं काही या मुलखात असेल तर ते कोकणातलं ‘नवं’. पावसाळी भात पिकू लागलं की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे दसऱ्याच्या किंवा आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास ते बांधतात. या पौर्णिमेलाच नवान्न पौर्णिमा म्हणतात. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरीचा तुरा, शेतात आपोआप उगवणारं कुरडूचं गुलाबी-पांढरं फूल आणि झेंडू, हे सगळं आंब्याच्या पानात गुंडाळून त्याची जुडी करायची. ती मुख्य दाराला लागते, देवघराला, कणगीला, नांगराला, विहिरीच्या रहाटाला लागते. आता मोटारसायकलच्या हँडललाही लागते. ही जुडी पुढचं वर्षभर तिथंच राहते. लोंब्या सुकतात, दाणे चिमण्या टिपतात, झेंडूचा काळा गोळा होतो, तरी ती काढत नाहीत. नवं आलं की जुनं उतरतं. यातली एकही वस्तू बाजारातून आणावी लागत नव्हती. कुरडू तर शेतातलं तण. शेतकरी एरवी ते उपटून बांधावर फेकतो, त्या एका दिवशी त्याला मान.

गोव्यात हाच नव्या कणसांचा सोहळा ख्रिस्ती समाजानंही जपला. सासष्टीतल्या राय गावी 5 ऑगस्टला आणि तिसवाडीतल्या ताळगावात 21 ऑगस्टला भाताची कोवळी कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात आणि मग ती घराघरांत जातात. हिंदू घरांत गणपतीच्या माथ्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली आणि परसातली फळं टांगलेली असतात: सुपारीचा घड, नारळाची पेंड, तोरिंगण, दोडका, काकडी, कांगलं, माट्टीची फुलं. माटोळी दारावर नसते, देवावर असते. पण तिची अट तोरणाचीच, म्हणजे त्या आठवड्यात जे पिकलं असेल ते लावायचं. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळ्यांच्या स्पर्धा घेतं, त्यात दुर्मीळ रानफळं ओळखून आणण्याची चुरस लागते. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत फोंडा, डिचोली, म्हापशाला माटोळीचा बाजार भरतो. डोंगरातून फुकट आणलेली वस्तू शहरातल्या माणसाला विकत घ्यावी लागते, हे तिथंही आलंच.

विदर्भात तोरण दारावरून रस्त्यावर येतं. पोळ्याच्या दिवशी, श्रावणातल्या अमावास्येला, गावाच्या वेशीजवळ दोन बाजूंना खांब रोवून आंब्याच्या पानांचं लांबलचक तोरण ताणतात. शिंगं रंगवलेले, पाठीवर झूल घातलेले बैल त्याच्यामागे ओळीनं उभे राहतात. झडत्या म्हटल्या जातात, त्यांत एकमेकांना टोमणे असतात, सावकाराला असतात, अलीकडे पुढाऱ्यांनाही असतात. मग मानकरी तोरण तोडतो. पोळा फुटतो आणि बैल घराकडे निघतात. इथं तोरणाचं आयुष्य जेमतेम तासाभराचं. ते तोडण्याकरताच बांधलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर पैसा खर्च करण्याचं कुणाच्या मनातही येत नाही.

मग झेंडू आला.

आज झेंडूशिवाय तोरण ही कल्पना अनेकांना पटणार नाही. पण सातकर्णीच्या आनंदानं झेंडू पाहिलेला नव्हता, कालिदासानंही नाही, ज्ञानेश्वरांनीही नाही. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून ते अटलांटिक ओलांडून युरोपात पोचलं, आणि पुढे भारतात पोर्तुगीजांमार्फत आलं असं मानलं जातं. इंग्रजीत त्याच्या एका जातीला आफ्रिकी आणि दुसरीला फ्रेंच म्हणतात. दोन्ही नावं चुकीच्या पत्त्यांची आहेत. मायदेशी, मेक्सिकोत, हे फूल नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांच्या सणाला लागतं. पूर्वजांच्या आत्म्यांना घरची वाट दिसावी म्हणून वेदीवर झेंडूच्या कमानी उभारतात आणि उंबरठ्यापर्यंत पाकळ्यांची वाट आखतात. तेच फूल इकडे लग्नाच्या मांडवाला आणि विजयादशमीच्या दाराला लागलं.

त्याचं इथं इतक्या लवकर बस्तान बसलं याची कारणं शेतकरी सांगतो तीच. बी स्वस्त, दोन-अडीच महिन्यांत फूल हाती येतं, आणि तोडणी पुन्हा पुन्हा करता येते. माळकऱ्याच्या दृष्टीनं त्याहून मोठा गुण म्हणजे फुलाची हिरवी बोंडी. दाभण त्या बोंडीतून जातं, पाकळ्या सुटत नाहीत, आणि ओवलेलं फूल चार दिवस गोल राहतं. जाईजुई लवकर कोमेजते, गुलाब गळतो. स्वस्त आणि टिकाऊ हे दोन्ही गुण एका फुलात आल्यावर दुसऱ्या कुणाचा निभाव लागणं कठीण होतं. पण त्याचबरोबर तोरणाची एक वस्तू कायमची बाजारातून येऊ लागली. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग लागतात. कसारा-कर्जतकडच्या आदिवासी बायका लोकलनं भाताच्या लोंब्या, आंब्याचे डहाळे आणि आपट्याची पानं घेऊन येतात आणि ठाण्या-दादरच्या फुटपाथावर बसतात. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. आवक जास्त झाली तर रात्री उरलेला माल तिथंच टाकून शेतकरी परततो. त्याच आदल्या दिवशी मुंबईतले रोजचे प्रवासी वर्गणी काढून आपल्या लोकलच्या डब्याला तोरण लावतात, कारण प्रत्यक्ष दसऱ्याला सुट्टी. डब्याच्या दाराला सुतळीवरचा झेंडू आणि आत पेढ्यांचा पुडा, एवढ्यात साजरा होणारा हा बहुधा महाराष्ट्रातला सर्वांत स्वस्त सार्वजनिक उत्सव असेल.

गुजरातेत दरम्यान कापडाचं तोरण वाढत होतं. सौराष्ट्रात आणि कच्छात ते मुलीच्या आण्यातलं, म्हणजे सासरी न्यायच्या सामानातलं, काम. आई आणि मुलगी वर्षानुवर्षं भरतकाम करत, आणि सासरच्या दारावर तोरण लागलं की सुनेच्या हातचं कसब गावाला दिसे. पाऊस कमी, आंब्याची झाडं विरळ अशा मुलखात पानाची नक्कल कापडात उतरणं समजण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात त्याला मण्यांची जोड मिळाली. काठेवाडचे व्यापारी पूर्व आफ्रिकेशी व्यापार करत. तिथल्या बाजारात खपणारे व्हेनिसचे काचमणी त्यांच्या जहाजांतून इकडे आले आणि मोतीभरताची तोरणं तयार झाली. एका बाजूला इटलीची काच, दुसऱ्या बाजूला झांजीबारचं बंदर आणि मध्ये राजकोटकडचं एखादं दार. पानाची किंमत तेव्हा पहिल्यांदा खरोखर वधारली, पण तीही घरच्या बाईच्या वेळेत मोजलेली होती. विकायला कुणी ते करत नव्हतं.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत हीच हौस विसाव्या शतकात उतरली ती काटकसरीच्या रूपानं. क्रोशाच्या सुईनं विणलेली पांढरी तोरणं, मण्यांची, लोकरीच्या गोंड्यांची, जुन्या साडीच्या जरीकाठाची, लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची. फुटक्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर वाकवून साखळ्या करणाऱ्या आज्या अनेकांनी पाहिल्या असतील. घरात जे उरलं ते दारावर चढलं. कोकणातल्या नव्याचा नियम चाळीतल्या दोन खोल्यांत असा पाळला गेला. शेतात पिकलेलं नव्हतं, म्हणून कपाटात उरलेलं.

तोरण दुकानात आलं त्याच्यामागे फरीदाबादचाही एक धागा आहे. शहर जुनं आहे, जहांगीरचा खजिनदार शेख फरीद यानं 1607 साली वसवलेलं. पण आजचं फरीदाबाद घडलं ते फाळणीनंतर. वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, कोहाट, डेरा इस्माइल खान अशा गावांतून आलेल्या निर्वासितांसाठी 1949 मध्ये फरीदाबाद विकास मंडळ नेमलं गेलं आणि नवं औद्योगिक गाव वसवायला घेतलं. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, नेहरू स्वतः लक्ष घालत. निर्वासितांनी सहकारी पद्धतीनं आपली घरं आपणच बांधावीत, ही कल्पना इथं राबवण्यात कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचा मोठा वाटा होता. या प्रयोगात सामील असलेल्या लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. ज्यांची दारं सरहद्दीपलीकडे राहिली त्यांनी इथं विटा रचून नवी दारं उभी केली.

याच कमलादेवी 1952 मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या युनियननं दिल्लीचं सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम चालवायला घेतलं. खेड्यातल्या कारागिराला शहरात गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, हा त्या सगळ्या खटपटीचा हेतू होता आणि तो बराच साधला. त्याचा एक परिणाम असा की आण्यातलं तोरण एम्पोरियमच्या काचेमागे आलं, आणि पस्तीसेक वर्षांनी फरीदाबादच्याच सूरजकुंडला स्टॉलवर टांगलं गेलं. ज्या बाईनं आयुष्यात एक-दोन तोरणं भरली असती ती आता हंगामात डझनानं भरते. तिच्या हाती पैसा आला. टाके मोठे झाले, भिंगांची जागा कधी चमकत्या प्लास्टिकनं घेतली, हेही झालं. दोन्ही एकाच बाजाराचे परिणाम आहेत आणि यातला एकच निवडायची सोय कारागिराला नव्हती.

हरियाणाच्या या भागाची दार सजवण्याची स्वतःचीही रीत आहे. पंजाब-हरियाणात मूल जन्मलं की दाराला कडुनिंबाची किंवा शिरीषाची डहाळी लागते. नवरात्रात गावोगाव भिंतीवर सांझी होते. मातीच्या चांदण्या, हात, पाय, दागिने मुली स्वतः घडवतात, वाळवतात, रंगवतात आणि शेणानं भिंतीवर चिकटवून देवीचं चित्र उभं करतात. दसऱ्याला ती उतरवून मडक्यात घालतात, मडकं तळ्यात सोडतात. साहित्य तळ्याचं, परत तळ्यालाच. कोकणातल्या नव्याला हरियाणात सख्खी बहीण शोधायची तर ती सांझी.

नोकरीधंद्यानिमित्त इथं स्थिरावलेल्या मराठी माणसाला सणासुदीला पहिली अडचण पानांची वाटते, पण ती तितकीशी मोठी नाही. गुढीपाडवा आणि उत्तरेकडच्या चैत्र नवरात्राची घटस्थापना एकाच दिवशी येतात. कलशाला आंब्याचा डहाळा इथल्या घरांनाही लागतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळी पूजेच्या सामानाच्या हातगाड्यांवर आंब्याची पानं हमखास मिळतात. कडुनिंब तर या भागात रस्तोरस्ती. दसरा-दिवाळीला इथल्या दारांवर आंब्याइतकीच अशोकाची पानं दिसतात, तीही त्या सरळसोट वाढणाऱ्या उंच अशोकाची, जो वसाहतींच्या कुंपणालगत रांगेनं लावलेला असतो. सीतेच्या अशोकाशी त्याचा संबंध नाही, झाड वेगळ्याच कुळातलं. पण पान लांब, कडेला नागमोडी, चकचकीत, आणि छाटणीच्या दिवशी माळ्याकडे मागितलं तर फुकट. आंब्याची उणीव भरून काढायला एवढं पुरे. खंडेनवमीला अवजारांची पूजा करणाऱ्या मराठी इंजिनिअरला इथं आणखी एक गोष्ट घरच्यासारखी वाटते: विश्वकर्मा पूजेच्या दिवशी फरीदाबादच्या कारखान्यांत लेथ मशीनपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना झेंडू चढतो.

तो झेंडू बहुतेक दिल्लीच्या गाझीपूर मंडईतून येतो. पूर्वी दिल्लीचा घाऊक फुलबाजार फतेहपुरी, कनॉट प्लेस आणि मेहरौली असा तीन ठिकाणी विखुरलेला होता. 2011 मध्ये तो गाझीपूरला एकत्र आला. पहाटे तिथं कोलकात्याकडच्या तयार माळा उतरतात आणि आसपासच्या जिल्ह्यांतले शेतकरी पोत्यांनी सुटी फुलं आणतात.

दरवाजावरचं युरोपी हिरवं चक्रही आता या शहरांत पोचलं आहे. त्याच्या मागच्या परंपरा अनेक आहेत. रोमन विजेत्याच्या डोक्यावरची पानांची गोल माळ ही एक. हँबर्गमध्ये 1839 साली योहान हिनरिश विखेर्न या पाद्र्यानं अनाथ मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, ती दुसरी. पुढे त्या चाकाला सूचिपर्णी डहाळ्या गुंडाळल्या गेल्या. बर्फात हिरवी राहणारी तेवढीच झाडं हाताशी होती, म्हणून. डिसेंबरात दिल्लीच्या सदर बाजारात त्याच डहाळ्यांची प्लास्टिकची नक्कल डझनाच्या भावात विकली जाते आणि पंधरा पावलांवर प्लास्टिकचा झेंडू व प्लास्टिकचं आंब्याचं पान असतं. दोन खंडांतल्या दोन ऋतूंची पानं एकाच साच्यातून निघालेली.

प्लास्टिकचं तोरण खपतं याचं कारण उघड आहे. एकदा घेतलं की पाच वर्षं बघायला नको. हिशेब मात्र अर्धाच असतो. वर्षभरात त्याच्यावर धूळ बसते, दोन उन्हाळ्यांत केशरी रंग फिका पडतो, आणि टाकलं की ते कुजत नाही. सरकारनं 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली त्यांत सजावटीचं थर्माकोल आहे. प्लास्टिकची फुलं त्या यादीत नव्हती. ती असावीत म्हणून फुलउत्पादकांनी मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. हिशेब साधा आहे: दसऱ्याला दर घरानं पाव किलो झेंडू घेतला तर शेतकऱ्याचा माल रस्त्यावर पडणार नाही.

पाव किलो हा आकडा खरोखर पुरतो. साधारण तीन फुटांच्या दाराला पाच फूट सुतळी घ्यावी, म्हणजे दोन्हीकडे बांधायला जागा राहते. चार-चार बोटांच्या अंतरानं पानं टाचली की अकराच्या आसपास पानं लागतात. प्रत्येक दोन पानांमध्ये एक फूल आणि दोन्ही टोकांना फुलांचा झुबका. कोकणातून कुणी येणार असेल तर दोन भाताच्या लोंब्या मागवाव्यात. धागा सुतीच हवा. नायलॉनचा दोरा वापरला तर उतरवलेलं तोरण कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात टाकता येत नाही, आणि मग फुलांचं असूनही ते कचऱ्याच्या गाडीत जातं. कच्छचं भरतकामाचं तोरण घरात असेल तर ते वर्षभर दिवाणखान्याच्या आतल्या दारावर शोभतं, ऊनपाऊस लागत नाही तिथं. मुख्य दार सणासुदीला खऱ्या पानांसाठी मोकळं ठेवावं. येत्या दसऱ्याला फरीदाबादच्या वाचकांनी सोसायटीच्या माळ्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावं. दसऱ्याच्या सकाळी तो अशोकाच्या फांद्या आपल्याच घरी घेऊन गेलेला असतो.